पाडव्याचा दर

शरदिनीबाई टेंब्यांना राग नेमका कुणाचा आला होता, हे त्यांना स्वतःलाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त राग होता. कुणी फसवलं असतं, कुणी तोंडावर खोटं बोललं असतं, तर चार शिव्या हासडून बाई मोकळ्या झाल्या असत्या. बेचाळीस वर्षं बनारसमध्ये काढली होती, शिव्यांचा काही तुटवडा नव्हता. पण इथे कुणी वावगं असं केलंच नव्हतं. दूधवाल्यानं नाही, घरमालकानं नाही, सीतेनं तर नाहीच नाही. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि त्या सगळ्या बरोबर माणसांच्या मधोमध बाईंची खानावळ बसत चाललेली.

खानावळ म्हणजे भोसले घाटाच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या नि एक फरसबंद अंगण. पाटी नाही, काही नाही. काशीला येणाऱ्या मराठी यात्रेकरूंना वरणभात, आमटी, पोळी, कोशिंबीर असं घरचं ताट मिळायचं ते इथे. सासूबाईंनी हे सुरू केलं, कारण सासऱ्यांच्या भिक्षुकीत घर चालत नव्हतं. पुढे मुलगा काशीनाथ रेल्वेत लागला, शरदिनीबाई सून होऊन आल्या, तरी चूल बंद झाली नाही. आता सासूबाई नाहीत, काशीनाथरावांना जाऊनही नऊ वर्षं झाली. राहिल्या दोघी. एक बाई आणि दुसरी सीता.

सीता इथलीच, मल्लाहांची, म्हणजे नावाड्यांची. नवरा नाव चालवायचा, तो गेल्यावर एकोणीस वर्षांपूर्वी भांडी घासायला म्हणून आली. आज तिच्या हातची पुरणपोळी खाऊन पुण्याच्या बायका विचारतात, तुमचं माहेर कुठलं. बोलायची हिंदीतच, पण फोडणी, मोहन, कणीक, उकड हे शब्द तिच्या तोंडी असे बसलेले की बाईंच्या स्वतःच्या मुलीला ते येत नसतील. बाईंचे गुडघे गेल्यापासून तर खरी खानावळ सीतेच्या हातांवरच होती. सीता गेली की चूल विझली, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

आता रिवाजाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरच घडलं. गुढीपाडव्याला गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, की सासूबाई गुढीसमोर उभ्या राहून त्या वर्षीचा ताटाचा दर बोलायच्या. बोलला की बोलला. पुढच्या पाडव्यापर्यंत त्यात पैचा फरक नाही. मग गावोगावच्या यात्रामंडळांना पोस्टकार्डं जायची. सासूबाईंचं म्हणणं असं, की कोपरगाव-सांगलीकडचा माणूस घरून निघतानाच गाठीचे पैसे मोजून निघतो. इथे आल्यावर त्याला वाढीव दर सांगणं म्हणजे वाटेत गाठून लुबाडणंच की. पोस्टकार्डं जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आलं, पण दर पाडव्यालाच आणि वर्षाचाच. शरदिनीबाईंना ह्याचा फार अभिमान. घाटावर घटकेघटकेला भाव फिरवणारे लोक बघितले की त्या नाक मुरडायच्या.

कुंभाच्या आदल्या पाडव्याला बाईंनी दर बोलला होता एकशेतीस रुपये. तेव्हा तो रास्तच होता. मग पौष सरता सरता प्रयागला कुंभ भरला, आणि प्रयागपर्यंत आलेला माणूस विश्वनाथाला न भेटता परत जातो होय? लोंढेच्या लोंढे काशीत उतरले. आठशेची खोली पाच हजारांना गेली. वीस रुपयांत नेणारा ई-रिक्षावाला दीडशे मागू लागला आणि माणसं हसत देऊ लागली. दूध साठाचं नव्वद झालं. भाजीचं तर बोलूच नका, कारण गर्दी आवरायला पोलिसांनी रस्ते बंद केलेले, भाजीच्या गाड्या शहराबाहेर खोळंबलेल्या, आणि आत टोमॅटो ऐंशी रुपये.

ह्या सगळ्याचा अर्थ सांगायला रत्नाकरभाऊजी होतेच. हे बाईंचे धाकटे दीर. आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, आता निवृत्त, दोन गल्ल्या सोडून राहतात आणि रोज सकाळी चहाला येतात. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याच्या पाठीवर दोन रेघा मारल्या. एक चढती, एक उतरती. म्हणाले, एका दूधवाल्यानं भाव वाढवला तर तो त्याचा लोभ, पण सगळ्याच वस्तू एकदम चढल्या तर समजायचं की अख्ख्या गावाची एकूण मागणी फुगलीय. आणि गाव काही रबराचं नाही. खोल्या तेवढ्याच, हात तेवढेच, गाड्या तर अडकलेल्याच. पुरवठा ताणून ताणून किती ताणणार? आधी माल जास्त निघतो, मग नुसते भावच चढतात. बाईंनी ऐकून घेतलं आणि कॅलेंडर जागच्या जागी लावलं, कारण त्यात एकादश्या होत्या.

पहिले आठ दिवस बाई खूशच होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळीकडे ताट तीनशेला आणि टेंब्यांकडे एकशेतीसला, मग रांग कुठे लागणार? चाळीस ताटं उठायची तिथे दीडशे उठू लागली, दोनशे उठू लागली. मराठीच नव्हे, इंदूरचे, सुरतेचे, कुठकुठले लोक. कुणीतरी मोबाइलवर चित्रण टाकलं, कुणी पाया पडलं. सीता पहाटेपासून पोळ्या लाटायला बसायची ती तिसऱ्या प्रहरी उठायची. तिच्या मनगटाला पट्टी बांधावी लागली. धंदा चौपट झाला म्हणून बाईंनी निवेदिताला, म्हणजे पुण्यातल्या लेकीला, फोनसुद्धा करून सांगितलं.

नवव्या दिवशी दूधवाला, वाणी आणि गॅसवाला असे तिघं पाठोपाठ बिलं घेऊन आले आणि बाईंच्या ध्यानात आलं, की ताट पडतंय एकशेसत्तरला आणि जातंय एकशेतीसला. जितकी जास्त माणसं जेवताहेत तितका खड्डा मोठा होतोय. भाऊजींना हे आधीच दिसलं होतं. त्यांनी साधा उपाय सांगितला, उद्यापासून दर अडीचशे करा. बाई तडकल्या. वर्षाचा शब्द दिलाय, तो मोडायचा? मग निदान परक्यांना तरी वेगळा दर लावा, असं भाऊजी म्हणाले, तर त्यावर बाईंनी त्यांच्यापुढचा चहाचा कपच उचलून नेला. नवऱ्यानं मागे ठेवलेली बँकेतली एक ठेव मोडली आणि शिवरात्रीपर्यंत एकशेतीसनंच जेवू घातलं. ह्याला कुणी व्रत म्हणेल, कुणी हट्ट म्हणेल. बाईंच्या मते ती नुसती लाज होती, आणि लाज असलेल्या माणसाचं अलीकडे कठीणच आहे.

त्यातच सीतेला बोलावणं आलं. गोदौलियाकडच्या एका नव्या हॉटेलाला हात कमी पडत होते. सीतेला बाई देत होत्या नऊ हजार, त्यांनी सांगितले अठरा. सीतेनं हे स्वतःहून येऊन सांगितलं, खाली मान घालून, जणू तिचीच चूक. तिच्या खोलीचं भाडंही कुंभात दोन हजारांवरून चार हजारांवर गेलं होतं, कारण मालकाला तीच खोली यात्रेकरूंना देता येत होती. त्यांनी सीतेचा हात धरला आणि सांगितलं, पाडव्यापर्यंत कळ काढ, पाडव्याला ताटाचा दर वाढवते, तुला सोळा हजार देते. सीता थांबली. एकोणीस वर्षांत बाईंचा शब्द खाली पडलेला तिनं पाहिला नव्हता.

पाडवा आला. तोवर कुंभ सरून महिना झाला होता, पण भाव अजून वरच होते. दूध ऐंशीला अडलेलं. घरमालकानंही खानावळीच्या खोल्यांचं भाडं वाढवलेलं, आणि तोही काय चुकला, गल्लीत सगळ्यांनीच वाढवलं होतं. गुढी उभारून बाई दर बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा भाऊजींनी पुन्हा तोंड घातलं. त्यांचं म्हणणं, हे फुगलेले भाव आहेत, ह्यांच्यावर वर्षाचा दर बेतू नका, यंदा तीन महिन्यांपुरताच बोला. यात्रेकरू काय शेअर घ्यायला येतात का, असं बाईंनी विचारलं. दुधानं एकदा तोंड पोळलं होतं. आता त्या ताकही फुंकून पिणार होत्या. त्यांनी सगळ्या चढत्या भावांची बेरीज केली, सीतेचे सोळा हजार धरले, भाडं धरलं, आणि गुढीला नमस्कार करून दोनशेतीस रुपये दर बोलल्या. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या मंडळांना गेला. सगळ्यांकडून वर केलेला अंगठा आला. कुणी हूं की चूं केलं नाही, म्हणून बाईंनी मानलं, पटला.

चैत्र बरा गेला. वैशाखात ताटं पंचविसावर आली. उन्हाळा आहे, असं बाई म्हणाल्या. ज्येष्ठात दहा. मग मात्र उन्हाळ्याचं नाव पुढे करता येईना. ज्यांना काशीला यायचं होतं ते सगळे कुंभात येऊन गेले होते. दोन-तीन वर्षांत मिळून येणारी माणसं दीड महिन्यात येऊन, जेवून, परत गेली होती. घाटावर नावा बांधून मल्लाह पत्ते खेळत बसले. पाच हजारांची खोली सातशेला, मग सहाशेलाही मिळू लागली. आणि कुंभातली रांग बघून चहूकडे नवी भोजनालयं उघडलेली, आपल्या गल्लीच्या तोंडाशीच तीन. गिऱ्हाईक घटलं आणि ताटं वाढली. त्या तिघांनी आधी दोनशे केले, मग एकशेऐंशी, मग पंखा सोडून एसी लावला आणि एकशेसाठ. टेंब्यांकडे दोनशेतीस.

रत्नाकरभाऊजी रोज यायचे आणि रोज सांगायचे, वहिनी, दर उतरवा. जानेवारीत चढवा म्हणत होते तेव्हाही त्यांचंच बरोबर होतं, आता उतरवा म्हणतात तेव्हाही त्यांचंच बरोबर, आणि ह्या बरोबर असण्याचा बाईंना विलक्षण ताप व्हायचा. माणूस दोनदा बरोबर निघाला तरी त्यानं निदान एकदा तरी उपयोगी पडावं की नाही? एकदा त्यांनी पुन्हा रेघा काढायला घेतल्या. मागणीची रेघ मागे सरकली की भाव उतरतात, पण सगळे सारखे उतरत नाहीत. टोमॅटो झटकन उतरतो, दूध रडतखडत उतरतं, भाडं आणि पगार खाली यायचं नावच घेत नाहीत. म्हणून मग माणसांचं कामच कमी होतं. हा काही तुमच्या एकट्या ताटाचा हिशेब नाही, अख्ख्या गावाचा आहे, असं ते समजावू लागले.

"भाऊजी, माझ्याकडे ताटच आहे," बाई म्हणाल्या. "गाव माझ्याकडे नाही."

भाऊजींनी पेन्सिल खिशात घातली. त्यांनाही वाईट वाटत होतंच. वहिनींच्या हातचं जेवून ते लहानाचे मोठे झाले नसले तरी लग्न न करता म्हातारे झाले होते, आणि त्यांचं स्वतःचं जेवणही ह्याच चुलीवर होतं.

दर उतरवणं बाईंना सोपं नव्हतं. चढवताना शब्द मोडतो तसा उतरवतानाही मोडतोच. चैत्रात दोनशेतीस देऊन जेवून गेलेल्या माणसाला काय सांगायचं? तुझ्याकडून जास्त घेतले? आणि उतरवून सीतेला सोळा हजार कुठून देणार? इकडे आड तिकडे विहीर. सीतेला काही बोलावं तर ती आपली दहा ताटांच्या पोळ्या करून उरलेल्या वेळात भिंती पुसायची, डबे घासायची, घासलेले पुन्हा घासायची. रिकामी बसायची नाही. ते बघून बाईंना आणखी चिडचिड व्हायची, आणि त्या तिच्यावरच ओरडायच्या, की ठेव ते, झिजतील डबे.

सगळी आशा होती ती कोपरगावच्या मंडळावर. मंडळाचे प्रमुख प्रसन्न देवस्थळी दर पितृपक्षात साठ माणसं घेऊन येत. श्राद्धं करायची, पाच दिवस राहायचं, दोन्ही वेळचं जेवण टेंब्यांकडे. सहाशे ताटं. तेवढी उठली की सीतेचा पगार दिवाळीच्या पुढपर्यंत निघत होता, आणि दिवाळीनंतर थंडीत यात्रा पुन्हा सुरू होतेच. देवस्थळींचा फोन आषाढ संपता संपता यायचा, वीस वर्षं कधी चुकला नाही. यंदा आषाढ संपला. श्रावण लागला, गंगा चढली, घाट बुडाले, पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं आणि ओसरलंही. फोन नाही. बाई दिवसातून दहादा मोबाइल उघडून बघायच्या, आणि मग आपण बघितलं म्हणून स्वतःवरच वैतागायच्या.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सकाळी बाईंनी आंघोळ केली, देवापुढे बसल्या आणि उठल्या त्या ठरवूनच. सासूबाईंच्या तसबिरीकडे त्यांनी बघितलं नाही. अंगणात येऊन खुर्चीवर बसल्या आणि देवस्थळींना फोन लावला. दोन पिढ्यांत जे झालं नव्हतं ते करायला त्या निघाल्या होत्या. ख्यालीखुशाली झाली, पावसापाण्याचं झालं. मग बाईंनी एका दमात सांगून टाकलं, की यंदा पाडव्याला दर जरा जास्तच बोलला गेला, तुमच्यासाठी म्हणून दीडशेनं करते, पितृपक्षाचं पक्कं करा.



"काकू, आमचं पक्कं झालं हो दुसरीकडे," देवस्थळी म्हणाले. "महिना झाला. एकशेसाठनं."

बाईंना ते पटेचना. त्यांनी विचारलं, मला एकदा विचारायचं तरी होतं. वीस वर्षांचा संबंध आहे, एक फोन करायला काय झालं होतं?

"विचारणार कसं, काकू? टेंब्यांकडे दर बदलत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत आलोय. आमच्यातल्या पुष्कळांना दोनशेतीस झेपेना. पण तुम्हाला उतरवा म्हणायचं म्हणजे तुमचा शब्द मोडायला लावायचा. तेवढं पाप कशाला, म्हणून गुपचूप दुसरीकडे गेलो. वाईट वाटून घेऊ नका."

ते अगदी मनापासून बोलत होते. सांगितलं, आगाऊ रक्कम देऊन बसलोय, नाहीतर आत्ता तुमच्याकडे वळलो असतो. पुढच्या वर्षी नक्की. बाईंनी बरं म्हटलं, घरच्यांना नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला.

मग मात्र त्या तिथेच खुर्चीत बसून राहिल्या. सांगलीवाले का आले नाहीत, नाशिकच्या जोशीबाई का आल्या नाहीत, हे सगळं एकदम समोर आलं. कुणाचं भांडण नव्हतं, कुणी रुसलं नव्हतं. सगळ्यांनी बाईंच्या शब्दाचा मान राखला होता आणि मान राखून दुसरीकडे जेवत होते. जो मोडू नये म्हणून त्यांनी नवऱ्याची ठेव मोडली, त्याच शब्दापायी कुणी त्यांच्याशी घासाघीस करायलाही आलं नव्हतं. बाईंना रडू आलं नाही. संताप आला, आणि तो टाकायला कुठे जागाच सापडेना.

भाऊजी चहाला आले तेव्हा बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी रेघा काढल्या नाहीत. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले.

मग बाई स्वयंपाकघरात गेल्या. सीता जमिनीवर बसून परातीत तांदूळ निवडत होती. पंधरा-वीस माणसांपुरते होते, सवयीनं काढलेले. बाई तिच्यासमोर पाटावर बसल्या, गुडघे दुखत होते तरी बसल्या, कारण ही गोष्ट उभ्यानं सांगायची नव्हती. म्हणाल्या, सीता, कोपरगाववाले नहीं आ रहे. अगले महीने से सोलह नहीं हो पाएगा.

सीतेचे हात थांबले नाहीत. एक खडा काढून तिनं बाजूला ठेवला.

"किराया तो उतरा नहीं, दीदी," ती म्हणाली.

बाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी त्या हॉटेलाचं विचारलं. सीता म्हणाली, परवाच जाऊन आले, तिथे सहा जणांना काढलंय, मला कोण घेणार. म्हणजे ही आधीच जाऊन आली होती. न सांगता, बाईंना अवघडायला नको म्हणून. आणि अठरा हजारांचं बोलावणं होतं तेव्हा हिला थांबवून घेतलं होतं कुणी, तर आपणच. बाईंना वाटलं, हिनं आता तोंड सोडावं, चार शब्द सुनवावेत, म्हणजे आपल्यालाही भांडता येईल. पण सीतेनं सगळं आधीच मनाशी ठरवून ठेवलं होतं. सकाळी दोन तास येईन, आधीचे नऊही नकोत, त्याचे अर्धे द्या, उरलेल्या वेळात दोन घरची धुणीभांडी बघते. पुरणाचा दिवस असला तर सांगा, पूर्ण दिवस येईन. इतकं सगळं ती तांदळातून नजर न काढता बोलली.

बाईंनी मान हलवली. एकोणीस वर्षांपूर्वी भांडी घासायला म्हणून आलेली बाई पुन्हा भांडी घासायला निघाली होती, आणि त्यांना तिला थांब म्हणता येत नव्हतं.

"चावल कितना चढ़ाऊँ?" सीतेनं विचारलं.

बाईंनी परातीकडे बघितलं. दुपार व्हायला आली होती आणि आज एकाही ताटाचा फोन नव्हता. भाऊजींचा सोमवारचा उपास होता.

"दोघींपुरता," त्या म्हणाल्या.

सीतेनं दोन मुठी तांदूळ पातेल्यात घेतले, उठून पिंप उघडलं आणि बाकीचे त्यात परत ओतायला लागली. परात जड होती, म्हणून बाईंनी दुसरी कड धरली.